भिंतीवरच्या अकरा काचा

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बरोबर दहाच्या ठोक्याला, काचबाई आपल्याच घराच्या तपासणीला निघायची. हातात बॅटरी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर पाने-पकडीची पिशवी आणि पिशवीतून डोकं वर काढणारा, काठीला बांधलेला छोटा आरसा. हा आरसा सिंकखाली घातला की नळाची पाठीमागची बाजू दिसायची. भाडेकरू आपल्यापासून काय लपवतो ते त्या आरशात कळतं, अशी तिची खात्री होती. खात्री खोटी होती, पण ते कळायला तिला तेवीस वर्षं लागायची होती.

घर भाड्याने देणं म्हणजे तिच्या मते आपलं लेकरू दुसऱ्याच्या कडेवर देणं. द्यायचं हसत, पण नजर हटवायची नाही. त्यासाठी तिने जिन्याखाली काचेच्या चौकटीत नियम लावले होते, एकूण सव्वीस. परवानगीशिवाय खिळा ठोकायचा नाही. ओला टॉवेल दारावर टाकायचा नाही. सिंकमध्ये तेल ओतायचं नाही. बाहेर जाताना वॉशिंग मशीनचा नळ बंद करायचा. एकतीस वर्षं तिने शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काढली होती, आणि तिथल्या भिंतीवरच्या सूचनांचा खणखणीतपणा तिच्या अक्षरात उतरला होता.

सव्विसावा नियम काचांचा होता. त्याची गोष्ट तिच्या नवऱ्यापासून सुरू होते.

नवरा गवंडी. दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधायचा आणि संध्याकाळी उरल्यासुरल्या ताकदीने स्वतःचं. असं सात वर्षं करून त्याने हे दुमजली घर उभं केलं. खाली दोन बिऱ्हाडं, वर एक. भिंतीला तडे जायचेच, तो म्हणायचा, कपाळाला आठ्या पडतात तसे. प्रश्न एवढाच की तडा झोपलेला आहे की जागा. ते ओळखायची त्याची युक्ती साधी होती. तड्यावर आडवी काच ठेवायची, दोन्ही टोकं पांढऱ्या प्लॅस्टरने पक्की करायची, कोपऱ्यात तारीख टाकायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते, कारण काचेला वाकता येत नाही. बायको प्रयोगशाळेत असल्यामुळे काचांना तोटा नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्ट्या ओरखडे पडले की शाळा टाकून द्यायची. मुख्याध्यापकांना रीतसर विचारून तिने डबाभर पट्ट्या घरी आणल्या. पुढे नवरा गेला, काचा राहिल्या. अकरा तडे, अकरा काचा. तेवीस वर्षांत भिंतीने त्यातली एकही फोडली नव्हती.

एक फोडली होती ती माणसाने. एक विमा एजंट वरच्या बिऱ्हाडात राहायचा. कपाट सरकवताना त्याचा कोपरा काचेला लागला. काचबाईने महिनाअखेर त्याला घर सोडायला लावलं. त्याने माफी मागितली, नवी काच आणून देतो म्हणाला. त्याची बायको सामानाच्या पेटीवर अंगणात बसून रडली. काचबाई हलली नाही. प्रयोगशाळेत फोडणाऱ्याने भरायचं असतं, ती म्हणाली, इथे फोडणाऱ्याने निघायचं. तोच सव्विसावा नियम झाला. तेव्हापासून गल्लीने तिचं नाव काचबाई ठेवलं. तिला ते आवडलंही. धाक असला की घर टिकतं, असं तिचं गणित होतं.

आणि गणित बरोबर आल्यासारखं दिसतही होतं. तिच्या शेजारच्या बिऱ्हाडात चौदा वर्षांपासून घड्याळजी राहायचे. एकटा जीव, पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचे, बोलायचे कमी. वर नऊ वर्षांपासून शिवणताई होती. ती, तिची दोन शिलाई मशीनं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. नऊ वर्षांत वरून एक तक्रार आली नव्हती. नळ गळतोय नाही, दिवा जातोय नाही. भाडेकरू असावेत तर असे, काचबाई चारचौघांत सांगायची. कुठल्याही घरात नऊ वर्षं काहीच गळत नाही असं होत नसतं, हे एका गवंड्याच्या बायकोला सुचायला हवं होतं. पण स्तुती करायला लागलं की माणूस विचार करायचा थांबतो.

मग घड्याळजींच्या बाजूचं जुनं गोदाम पडलं आणि तिथे मोठ्या इमारतीसाठी खड्डा खणायला सुरुवात झाली. जमिनीखाली दोन मजले नुसते गाड्या ठेवायला. ठेकेदाराचा इंजिनिअर कागद घेऊन आला. डोक्यावर नवं कोरं हेल्मेट, बुटांवर मातीचा कण नाही. कागदावर लिहिलं होतं की शेजारच्या घराला आधीपासूनच तडे आहेत. नुसती औपचारिकता आहे आजी, तो म्हणाला, इथे सही करा.

"आजी मी माझ्या नातवाची," काचबाई म्हणाली. "तुमच्यासाठी मालकीण."

सही तिने केली, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने तीन वाक्यं लिहिली: तडे अकरा आहेत. प्रत्येकावर तारखेसह काच आहे. एकही हलत नाही. आणि त्याला थांबवून घेऊन त्या कागदाची नक्कल काढून आणली.

दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू झालं. ते लोखंडी पत्रे जमिनीत ठोकायचं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, धाड, धाड, धाड. फळीवरचे कप चालत चालत कडेला यायचे. तिसऱ्या आठवड्यात घड्याळजींच्या मोरीचं दार लागेना. लाकूड फुगलंय, काचबाई म्हणाली आणि रंधा मारून दिला. मग वरची खिडकी अडकायला लागली. तिलाही रंधा मारला. एकापाठोपाठ दोन लाकडं कशी फुगली, असं तिला वाटायचं, पण पहिल्या रविवारी तिने काचा मोजल्या तर अकराच्या अकरा शाबूत. दार खोटं बोलेल, काच बोलणार नाही, असं स्वतःला बजावून ती खाली आली.

त्यानंतर चार दिवसांनी पालिकेची नोटीस आली. ठेकेदाराने तक्रार केली होती की काचबाईचं घर त्याच्या खड्ड्याकडे कलतंय आणि त्याच्या मजुरांच्या जिवाला धोका आहे. चोराच्या उलट्या बोंबा. पुढच्या गुरुवारी अधिकारी पाहणीला येणार होत्या. घर आपल्याच म्हातारपणाने खचतंय असं ठरलं, तर पंधरा दिवसांत सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि घर मालकिणीने स्वखर्चाने पाडायचं. खड्ड्यामुळे खचतंय असं ठरलं, तर खड्ड्याचं काम थांबणार आणि ठेकेदाराने भिंतीला टेकू देऊन ती दुरुस्त करायची. एकाच कागदावर दोन वाटा.

मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तो रजा टाकून आला. आल्या आल्या त्याने आईला समजावलं की ठेकेदार हे घर घ्यायला तयार आहे, भाव वाईट नाही, या वयात मोठ्या माणसांशी कशाला भांडायचं. काचबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला वाढलं, आणि तो घास तोंडात घालणार तेवढ्यात सांगितलं की तुझ्या बापाने हे घर विकायला बांधलं नव्हतं. आणि भांडायची गरजच काय? अधिकारी येतील, काचा बघतील. अकरा साक्षीदार भिंतीवर उभे आहेत, त्यातला एकही फितूर होणार नाही.

मंगळवारी ती साक्षीदारांची तोंडं पुसायला निघाली. ओलं फडकं, कोरडं फडकं. आधी स्वतःकडच्या दोन पुसल्या, मग घड्याळजींकडे गेली. ते खिडकीपाशी बसून एका मनगटी घड्याळाच्या पोटात काहीतरी शोधत होते. आतल्या खोलीतली शेवटची काच पुसताना तिच्या बोटाला झणकन लागलं. रक्ताचा थेंब पांढऱ्या प्लॅस्टरवर पडला.

ती बोट तोंडात धरून काचेकडे बघत राहिली. एकतीस वर्षांत तिने हजारो काचपट्ट्या धुतल्या होत्या. मुलांच्या हाताला लागू नये म्हणून शाळेच्या पट्ट्यांच्या कडा घासलेल्या असतात. शाळेच्या काचपट्टीने तिला आजवर कधी कापलं नव्हतं.

"ही काच माझी नाही," ती म्हणाली.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "नाही," ते म्हणाले. "ती मी बसवलीय. शनिवारी. कड घासायला सवड मिळाली नाही."

"अशा किती?"

"सात. चार माझ्याकडे, तीन वर."

मग त्यांनी सगळं सांगितलं, घड्याळ उघडून दाखवावं तसं, एकेक. मशीन सुरू झाल्यापासून तिसरा दिवस, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. टच असा आवाज आला. आधी त्यांना वाटलं की गिऱ्हाइकाच्या घड्याळाचीच काच गेली. मग भिंतीकडे बघितलं. भिंत हलतेय असं त्यांच्या मनातही आलं नाही. मनात आली ती पेटीवर बसलेली विमा एजंटची बायको. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची काच काढली, हिऱ्याच्या लेखणीने मापात कापली, कडा घासल्या, तारीख तशीच्या तशी उतरवली. दुसऱ्या दिवशी शिवणताई रडत खाली आली. तिला वाटत होतं की तिच्या शिलाई मशीनच्या हादऱ्याने काच फुटली. तिलाही त्यांनी करून दिली. पुढच्या पाच तर सवयीनेच झाल्या.

"मला सांगितलं का नाही?" काचबाईने विचारलं.

"कुणाला? तुम्हाला?" घड्याळजी म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. काचबाई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. भिंतीने तिला सात वेळा हाका मारल्या होत्या आणि सातही वेळा तिच्याच सव्विसाव्या नियमाने भिंतीच्या तोंडावर हात ठेवला होता. वर एक बाई, जिला अंथरुणातून उठता येत नाही, ती या भिंतीखाली महिनाभर झोपत होती. आणि हिने काय केलं? दाराला रंधा मारला. काचबाईला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, नवऱ्याच्या आठवणीपुढे तर जास्तच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा कोण तर आपण.

"फुटलेल्या टाकल्यात?" तिने विचारलं.

घड्याळजी जरासे दुखावलेच. घड्याळ दुरुस्त करणारा काढलेला भाग टाकत नाही. उद्या गिऱ्हाईक म्हणतं की माझा चांगला होता, तुम्ही बदललात. त्यांनी खण उघडला. सात छोटी पाकिटं, प्रत्येकावर तारीख, वेळ, जागा. तिच्या स्वतःच्या, घासलेल्या कडांच्या काचा आत तुकड्यांनी पडल्या होत्या.

मुलाला हे कळलं तेव्हा तो एकदम उजळला. त्याच्या मते हे तर छानच झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. अधिकारी येतील, अकरा काचा शाबूत बघतील, घर ठणठणीत म्हणतील आणि नोटीस मागे घेतील. पुढचं पुढे. खरं बोललो तर घर हलतंय हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, आणि मग पंधरा दिवसांची वाट उघडीच आहे.

मोह काचबाईलाही झाला, नाही असं नाही. दोन क्षण झाला.

"मूठ झाकता येते," ती म्हणाली. "भिंत नाही झाकता येत. ती ज्याच्या अंगावर पडेल त्याला काय सांगू?"

तिने मुलाला आणि घड्याळजींना कामाला लावलं. दोघांनी शिवणताईच्या सासूला खाटेसकट उचलून भिंतीपासून लांबच्या खोलीत नेलं. घड्याळजींचं अंथरूण काचबाईच्या पुढच्या खोलीत आलं. म्हातारीने विचारलं की झालंय काय. काचबाई म्हणाली, माझी चूक झालीय, निस्तरतेय. शिवणताईच्या हातातली उशी खाली पडली. नऊ वर्षांत हे शब्द तिने या तोंडून ऐकले नव्हते.

गुरुवारी अकरा वाजता पालिकेच्या अधिकारी आल्या. गुडघा दुखत होता म्हणून जिन्यात दोनदा थांबल्या. त्यांच्यामागे हेल्मेटवाला इंजिनिअर. सगळ्या गल्लीत सामसूम होती, कारण खड्ड्यातलं मशीन सकाळपासून बंद होतं. देखभाल चाललीय, इंजिनिअर म्हणाला. त्याने न लागणारं दार दाखवलं, अडकणारी खिडकी दाखवली, ओळंबा सोडून भिंतीचा कल दाखवला. अधिकारी लिहीत होत्या. मग त्यांचं लक्ष काचांकडे गेलं. या पद्धतीबद्दल त्यांनी फक्त पुस्तकात वाचलं होतं. त्या कौतुकाने जवळ गेल्या आणि म्हणाल्या की काचा तर शाबूत आहेत.

"मॅडम, यातल्या सात काचा खोट्या आहेत," काचबाई म्हणाली. "माझ्या भाडेकरूंनी बदलल्या. माझ्या भीतीने बदलल्या. फुटलेल्या या पाकिटांत आहेत, कधी फुटल्या ते वर लिहिलंय. पहिली फुटली ती यांचं मशीन सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी. त्याआधी तेवीस वर्षं भिंतीने एकही फोडली नाही. काम सुरू व्हायच्या आधी यांना तसं लिहून दिलं, त्याची ही नक्कल."

इंजिनिअर हसला. त्याचं म्हणणं असं की पाकिटांवर तारखा कुणीही घालेल. मालकीण याच, भाडेकरू यांचे, अक्षर यांचं. पण एक बरं झालं, भिंत हलतेय हे आजींनी स्वतःच मान्य केलं. म्हणजे घर धोकादायक आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची त्याची तयारी पूर्ण होती.

अधिकाऱ्यांनी पाकिटं उलटसुलट करून पाहिली आणि मान हलवली. पुरावा म्हणून हे टिकणार नाही, त्या जरा वाईट वाटल्यासारखं म्हणाल्या.

"नका टिकवू," काचबाई म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तिने पिशवीतून शाळेचा डबा काढला. त्यात शेवटच्या काही काचपट्ट्या उरल्या होत्या. वाटीत पांढरं प्लॅस्टर कालवलं, घड्याळजींच्या खोलीतल्या सगळ्यात मोठ्या तड्यावर एक नवी काच बसवली, आणि पलीकडे, खड्ड्यापासून लांब, स्वतःच्या घरातल्या तड्यावर तुलनेसाठी दुसरी. दोन्हींवर अधिकाऱ्यांची सही घेतली. मग ती शाळेत एकतीस वर्षं ऐकलेलं बोलायला लागली. बाकं पुसताना, नळ्या धुताना मागून कानावर पडलेलं सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लॅस्टर वाळायला अर्धा तास. त्यानंतर अर्धा तास मशीन बंदच ठेवून काच बघायची. घर आपल्या म्हातारपणाने खचत असेल तर त्याला मशीनची काय गरज? आणि त्यानंतर मशीन सुरू करायचं, रोज चालतं तसं.

इंजिनिअर म्हणाला की मशीनची देखभाल चालू आहे, आज सुरू होणार नाही.

अधिकारी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून गुडघा चोळत होत्या. "देखभाल चालली आहे म्हणून बंद आहे, की मी येणार म्हणून?" त्यांनी विचारलं. "एक तास आहे तुमच्याकडे. सुरू करा, नाहीतर मी तसंच लिहून घेते."

तास जाता जात नव्हता. चहा झाला. अधिकाऱ्यांनी आपलं बंद पडलेलं मनगटी घड्याळ घड्याळजींना दाखवलं. आज तुमचं घड्याळ हातात घेणं बरं दिसणार नाही, असं म्हणून घड्याळजींनी ते नम्रपणे परत केलं. बंद मशीनच्या अर्ध्या तासात काच जशीच्या तशी राहिली. अधिकाऱ्यांनी वेळ लिहिली.

मग धाड झालं. मग पुन्हा. फळीवरचे कप किणकिणायला लागले. घड्याळजींच्या खोलीत सहा माणसं एका बोटभर काचेकडे बघत उभी होती: काचबाई, तिचा मुलगा, घड्याळजी, अधिकारी, इंजिनिअर आणि दारात शिवणताई. चार मिनिटं गेली. सात गेली. इंजिनिअर मोबाइल बघायला लागला. काचबाईने त्याच्यासाठी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं, मंगळवारपासून घासूनपुसून ठेवलेलं. पण काच काही बोलेना, आणि तिला वाटायला लागलं की घर आपल्या हातातून गेलं.

अकराव्या मिनिटाला टच झालं. तडा अधिकाऱ्यांच्या सहीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत गेला.

"मालकीणबाई, मी नाही हो," शिवणताई दारातून म्हणाली. "मी हात नाही लावला."

कुणीच हसलं नाही. शिवणताईने दोन्ही हात पाठीमागे नेले होते, शाळेतल्या पोरीसारखे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुटलेली काच, पाच साक्षीदार, बाहेर धडधडणारं यंत्र, आणि तरी नऊ वर्षांची भीती तिच्या तोंडून आधी बाहेर पडली होती. आता तिलाही ते कळलं आणि तिची मान खाली गेली.

काचबाईचं झोंबणारं वाक्य कुठल्या कुठे गेलं. तिला इंजिनिअरचं तोंड बघायचं होतं, आयुष्यभर पुरेल असं बघायचं होतं, पण ती दाराकडेच बघत राहिली. "ठाऊक आहे गं," ती म्हणाली. "तू नाही फोडलीस. एकही नाही."

मग ती इंजिनिअरकडे वळली. "मशीन बंद करायला सांगा," ती म्हणाली. "आत माझी माणसं राहतात."

पलीकडची, काचबाईच्या घरातली काच शाबूत होती. अधिकाऱ्यांनी तीही बघितली, दोन पानं लिहिली आणि इंजिनिअरची सही घेतली. खड्ड्याचं काम त्या क्षणापासून थांबलं. भिंतीला टेकू, पाया, तडे, सगळं ठेकेदाराने करून द्यायचं, आणि ते पूर्ण होईपर्यंत दर आठवड्याला पालिकेने येऊन काच बघायची. इंजिनिअर जाताना काहीतरी पुटपुटला. त्याच्या बुटांना आज पहिल्यांदा माती लागली होती.

दुपारी काचबाईने जिन्याखालची चौकट उतरवली. सव्वीस नियमांचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर त्याच खणखणीत अक्षरात लिहिलं: काहीही फुटलं, गळलं, हललं तर आधी मला सांगा. कुणालाही घर सोडावं लागणार नाही. मुलगा म्हणाला की एवढं मोकळं सोडलंस तर लोक डोक्यावर बसतील. बसू दे, ती म्हणाली, डोकं माझं घट्ट आहे, भिंतीचं बघ.

चौकट टांगून पाच मिनिटं झाली नसतील तोच घड्याळजी आले. मोरीतल्या दोन फरशा पोकळ वाजतात, त्यांनी सांगितलं, गेली चार वर्षं. त्यांनी त्यावर बादली ठेवलेली असायची. मग जिन्यावरून शिवणताई उतरली, मधल्या पायरीवर थांबली, परत दोन पायऱ्या वर गेली आणि शेवटी खाली आली. सिंकखालचा जोड गळतो, ती म्हणाली. दोन वर्षं झाली. खाली पातेलं ठेवते. पहिल्या रविवारी साडेनऊला ते रिकामं करून कापडाच्या चिंध्यांत लपवते आणि जोड पुसून कोरडा करते. तुम्ही बघून जाईपर्यंत सिंक वापरत नाही, म्हणून तो गळत नाही.

"दोन वर्षं?" काचबाई कडाडली. "अगं, भिंतीत केवढं पाणी मुरलं असेल! ओटा खालून कुजला असेल. वॉशर चार आण्याचा नाही आणि तू दोन वर्षं पातेली भरतेस? अक्कल गहाण ठेवली होतीस का?"

शिवणताईने सगळं ऐकून घेतलं आणि मान वर करून म्हणाली, "बटणसुद्धा झटका मारतं. सासूबाईंच्या खोलीतलं."

वरून सासूबाईंनी ओरडून पुस्ती जोडली की पंखाही कुरकुरतो.

काचबाईने कपाळावर हात मारला. शिव्या देत देत तिने पाने-पकडीची पिशवी खांद्याला लावली, त्यात वॉशरची डबी टाकली, बॅटरी टाकली. काठीचा आरसा पिशवीतून काढून तिने जिन्याखाली ठेवला आणि शिवणताईच्या मागोमाग वर गेली.